खरकट्या पाण्याची फरशी

"सरका," असं ती म्हणायची. पुढं कोण उभं आहे ते न बघता म्हणायची. त्या दिवशी दुपार उतरल्यावर मलाच म्हणाली आणि मी सरकलो.

गॅरेजच्या फरशीला आम्ही करडा रंग लावत होतो. ती बेअरिंगच्या पाटावर बसलेली, एक पाय दुमडलेला, दुसऱ्या पायाच्या टाचेनं रेटा देत मागं मागं जात होती. हातात ब्रश. ती मागं जाईल तसा तिच्यापुढं ओला करडा पट्टा वाढत होता. हा पाट मीच केलेला. जीपखाली झोपून आत सरकायला एक फळी आणि तिच्याखाली चार जुनी बेअरिंगं. गुडघे गेल्यावर तिनं तो माझ्याकडून काढून घेतला. मी डबा धरून बाजूला चाललो होतो. डबा धरणं एवढंच काम माझ्याकडं होतं आणि तेही मला जमत नाही असं तिचं म्हणणं.

अर्धं गॅरेज आज आणि अर्धं उद्या असं ठरवलं होतं, कारण सामान कुठं तरी ठेवायला पाहिजे. रॅक, डबे, जॅक सगळं उजव्या अंगाला ओढलं आणि डावी बाजू रंगवली. मधे एक फळी आडवी टाकली, ओल्यावर कोणी पाय देऊ नये म्हणून. मग दोघं दारात बसून चहा प्यालो. साखर कमी पडली म्हणाली. मी म्हणालो, तुला साखर बंद आहे.

"तुमच्या कपातल्या साखरेचं बोलून राहिले मी. चाखून बघितला."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे.

तुम्ही म्हणाल, बायकोवर काय लिहायचं. पण मी बायको म्हणून सांगत नाही. ती माझ्या गॅरेजात माझ्याबरोबर होती आणि मला ती कामातूनच जास्त कळली. घरात आम्ही फार बोलणारी माणसं नव्हतो. तिचं नाव सांगणार नाही. आमच्या वेळी नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नव्हते. जन्मभर घेतलं नाही, आता कागदावर घेऊन काय करू. मी चौथी शिकलेला आहे. कुठं चुकलं तर दुरुस्त करून वाचा.

मी रेणापूरकडचा, ती हदगावकडची. आमच्याकडं "करायलो" म्हणतात, ती "करून राहिले" म्हणायची. गल्लीतल्या बायका सुरुवातीला तिची नक्कल करायच्या. तिनं काही बोलणं बदललं नाही. "समजून राहिलं ना तुमाला? मग बास," म्हणायची.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी दुसऱ्याच्या गॅरेजात पान्हे उचलत होतो. जिल्हा झाला म्हणजे आमच्यासारख्याला काय दिसलं, तर साहेब आले, साहेबांबरोबर जीपा आल्या आणि जीपा बिघडायला लागल्या. तीच म्हणाली, आपलं काढू. शहर वाढत होतं त्या अंगाला एक तुकडा जागा घेतली, पत्र्याचं शेड ठोकलं. घर म्हणजे शेडच्या मागं एक खोली. वरच्या दोन खोल्या लई नंतर झाल्या.

शेडमध्ये खाली काळी माती होती. त्या मातीत नट पडला की गेला. मी दिवसभर दुरुस्ती कमी आणि शोधाशोध जास्त करायचो. माझं सामान सगळं एका पोत्यात. एक दिवस ती आत आली, पोत्यात हात घातला, ग्रीसनं भरलेला बाहेर काढला आणि माझ्याकडं बघितलं.

"घरात असं पीठ-मीठ एका पोत्यात घालून ठेवलं तर खाल का तुमी?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं डालड्याचे डबे जमवायला सुरुवात केली. कोणाच्या घरचे, हॉटेलातले, एक तर लग्नघरातून मागून आणला. मडक्यांची उतरंड असते तशी डब्यांची उतरंड लावली, मोठा खाली, लहान वर. मी विचारलं, "आन खालचा लागला तर?"

"वरचे उतरवा. हात झिजून राहिले का?"

हात झिजले नाहीत पण पाठ मोडली. चार-आठ दिवसांनी तिलाच कळलं. खोक्यांच्या फळ्या आणल्या, स्वतः खिळे मारले आणि भिंतीला कप्पे केले. एक घाव अंगठ्यावर बसला. त्याचं खापर हातोडीवर.

नटांना आकडे असतात हे तिला मान्य नव्हतं. तिनं धान्याची नावं दिली. ज्वारी, तूर, हरभरा, आणि मोठ्याला आवळा. मी हसायचो. पण वर्षभरात माझ्याही तोंडात तेच बसलं. एकदा देगलूरकडचा एक मिस्त्री स्पेअर मागायला आला. मी आतून ओरडून म्हणालो, "दोन हरभरे दे गं." तिनं डब्यातून काढून दिले. तो माणूस तळहातावर ते नट घेऊन उभा. म्हणाला, "भाऊ, मी नट मागितले होते."

"तेच हायत," ती म्हणाली. "भाजून देऊ का?"

भिंतीवर पान्हे लटकवायला खिळे मारले आणि प्रत्येक पान्ह्याभोवती चुन्यानं रेघ ओढली. पान्हा कोणी नेला की भिंतीवर त्याची पांढरी सावली राहायची. सावली दिसली की ती त्या माणसाच्या घरी जाऊन बसायची. नुसती बसायची. पान्हा परत यायचा.

मग दुष्काळ पडला.

दुष्काळात शेतकऱ्याचं ट्रॅक्टर उभं राहतं, फटफटी उभी राहते. चालतो फक्त टँकर. आमचं काम बसत गेलं. टँकरचा एक ठेकेदार होता, त्याच्या गाड्या सारख्या मोडायच्या. तो एकदा आला, शेडमध्ये बुटानं माती उकरून बघितली आणि म्हणाला, "मिस्त्री, धुळीत इंजिन खोलणार असशील तर माझी गाडी न्हाई मिळायची. खाली पक्कं कर. पाडव्याला येऊन बघतो, न्हाई तर काम नांदेडला देतो."

आता इथं काय अडलं होतं ते सांगतो. हे काम मिळालं नसतं तर गॅरेज मोडायचं होतं. मी नांदेडला एकाच्या हाताखाली जाणार आणि ती आमच्या पोरीला घेऊन हदगावला आईकडं. तसं आमचं बोलणं झालं होतं. बोलणं झाल्यावर ती उठून गेली आणि पोरीचे कपडे वाळलेत का बघत बसली. अजून ओलेच होते.

गल्लीतल्या एका गवंड्यानं खडी-मुरूम टाकून धुम्मस करून, ठोकून घट्ट बसवून दिलं. वरचा कोबा आणि लाल रंग आम्ही करायचा असं ठरलं, कारण त्याला द्यायला आमच्याकडं काही नव्हतं. सिमेंट कालवायला पाणी आम्ही आमच्यातलंच काढलं. त्या दिवसात आमच्या अंगाला कसला वास येत होता ते विचारू नका. मी माल टाकत गेलो आणि ती घोटत गेली. उकिडवी बसून थापीनं घोटायची, मागं सरकत दारापर्यंत. तिला सारवायची सवय, त्यामुळं थापीसुद्धा ती सारवल्यासारखी अर्धगोल फिरवायची. आजही उन्हं तिरपी आली की ते अर्धगोल दिसतात.

गवंडी बघायला आला. म्हणाला, "हात चांगला हाय वैनीचा. आता हप्ताभर पाणी मारा. वाळू देऊ नका, न्हाई तर तडकंल."

पाणी.

गल्लीत टँकर आला की घागरीवर घागर आपटायची. बायकांची डोकी फुटायची वेळ यायची. अशात आम्ही फरशीला पाणी पाजणार म्हटलं असतं तर लोकांनी आम्हाला गल्लीतून उठवलं असतं, आणि बरोबर केलं असतं. मी म्हणालो, "झालं. गेलं सगळं." ती पोती अंथरत होती. म्हणाली, "खरकटं पाणी कुणाचं हाय?"

"म्हंजे?"

"भांड्याचं. तांदूळ धुतलेलं. तोंड धुतलेलं. ते कुणी पिऊन राहिलं का?"

आणि दारोदार गेली. ज्यांच्या दारात म्हैस होती त्यांनी दिलं नाही, म्हशीला लागायचं. बाकीच्यांनी आधी खोटं वाटून हसून घेतलं, मग देऊ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेक बाई भांडं घेऊन यायला लागली. कोणी डाळीचं पाणी आणलं, कोणी साबणाचं. पोत्यांवर ओतायच्या, थोडं बोलायच्या, जायच्या. शेडमध्ये सगळ्या गल्लीच्या स्वयंपाकाचा वास सुटला.

आता एक सांगायला पाहिजे. आम्ही बौद्ध. गल्ली सगळ्यांची मिळून होती. शहर वाढताना जागा मिळेल तिथं लोकांनी घरं बांधली, कोण कुणाच्या शेजारी हे बघायला सवड नव्हती. तरी सवय ती सवय. शेजारच्या घरी एक काकू होती, देवाधर्माची. मनानं वाईट म्हणणार नाही. ती पाणी घेऊन आली, पण आत आली नाही. दाराबाहेर उभी राहिली, हात लांब केला आणि लांबूनच पाणी फेकलं. निम्मं पोत्यावर पडलं, निम्मं बाहेर.

माझ्या बायकोच्या आईनं हदगावकडं विहिरीपासून लांब उभं राहून दिवस काढले होते. कोणी तरी येईल आणि वरून घागरीत ओतील म्हणून वाट बघायची. हे तिनं मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, पुन्हा नाही.

दुसऱ्या दिवशी काकू परत दारात आली. हिनं वर बघितलं.

"काकू, आत येऊन वता."

"मला काय गं, हितूनच जातंय की."

"हितून जात न्हाई. तो कोपरा कोरडा राहून राहिला."

"फेकते की जरा लांब."

"नगं. फेकायचं असंल तर नगं."

आवाज चढवला नाही. पोरीला जेव म्हणावं तसं म्हणाली. काकू भांडं घेऊन तशीच उभी राहिली आणि भरलेलं भांडं घेऊन परत गेली.

मी चिडलो. म्हणालो, "आलेलं पाणी घालवलंस. कोपरा तडकला म्हंजे? दारातलाच कोपरा, ठेकेदार आधी तोच बघंल."

"तडकू द्या," ती म्हणाली.

तुम्हाला सांगतो, त्या दोन शब्दांत हदगाव होतं, नांदेड होतं, पोर होती, सगळं होतं. तिला ते माहीत होतं. तरी म्हणाली. मग आम्ही तिघं त्या कोपऱ्यावर उभं राहून चुळा भरायला लागलो. पोरीला लई मजा वाटायची, दिवसातून चार वेळा चूळ भरायची. चुळांनी काही भागत नव्हतं. कोपऱ्यावरचं पोतं दुपारपर्यंत कडक व्हायचं, हातानं दाबलं की पापडासारखं वाजायचं. ती येता-जाता त्याच्यावर पालथा हात ठेवून बघायची आणि पुढं जायची.

मग एक दिवस सकाळी काकू आली. भांडं नव्हतं, बादली होती. दारात उभी राहिली. ही आत पोती सारखी करत होती, तिनं मान वर केली नाही. मी दाराबाहेर लावलेल्या गाडीखाली होतो, मला नुसते पाय दिसत होते. काकूच्या चपला दिसल्या. मग चपला रिकाम्या दिसल्या आणि पाय आत गेले. कोपऱ्यापाशी थांबले. पाणी पडल्याचा आवाज आला. मग काकू खाली बसली आणि पोत्याचं दुमडलेलं टोक तिनं स्वतःच्या हातानं सरळ केलं.

"ढाळ उलटा झाला की गं," काकू म्हणाली. "पाऊस आला की पाणी आत येतंय बघ."

"हाव काकू. चुकलं."

"मला इचारायचं आधी."

"पुढच्या येळी इचारते."

"पाऊस तरी कुठं हाय म्हणा," काकू म्हणाली आणि गेली.

एवढंच झालं. त्या दिवशी हिनं पोरीची घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा घातली. पोर ओरडत होती, तरी.

फरशी धरली. तडकली नाही. पोती काढली तेव्हा मात्र आम्ही दोघं बघतच राहिलो. लाल रंग एकसारखा राहिलाच नव्हता. डाळीचं पाणी पडलं तिथं पिवळट, साबणाचं तिथं पांढुरकं, कुठं काळपट. प्रत्येक घराचा वेगळा डाग. मला वाटलं, जरा चमक आणावी म्हणजे डाग लपतील. आम्हा गॅरेजवाल्यांचं एक औषध सगळ्याला, जळकं ऑईल. गाडीच्या आसाला तेच, लाकडाला वाळवी लागली तर तेच. मी ते फडक्यानं सगळ्या फरशीला पुसलं. फरशी आरशासारखी झाली. गवंडी कौतुकानं बघायला आला, दोन पावलं आत टाकली आणि बसला. उठायला गेला, परत बसला.

"वैनी," तो बसूनच म्हणाला, "ह्याला फरशीजवळ येऊ देत जाऊ नका."

ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग पुन्हा दारोदार गेली, या वेळी चुलीतली राख मागायला. गल्लीची राख टाकून दोघांनी फरशी घासली. तेल निघालं. डाग राहिले.

पाडव्याला ठेकेदार आला. टाच आपटून बघितली, दारातला कोपरा बघितला, मग सगळीकडं नजर फिरवली. "ही फरशी हाय का नकाशा हाय?"

"नव्या जिल्ह्याचा हाय," ती म्हणाली. "सरका, पाणी शिंपडायचं हाय."

त्याच हप्त्यात पहिला टँकर दारात लागला. नांदेड राहिलं, हदगाव राहिलं.

त्या फरशीला दुपारी गारवा असायचा. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका येऊन बसायला लागल्या, तूर निवडायच्या, पोरांना झोपवायच्या. मी गाडीखाली आणि वर त्यांचं चाललेलं. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या सासूचं काय, सगळं मला इंजिनाखाली झोपून कळायचं. काकू तर भिंतीला टेकून घोरायची. तिची जागा म्हणजे दाराजवळचा तोच कोपरा, तिथं वारा येतो म्हणून. ढाळाचं तिचं बरोबर निघालं. पुढं पाऊस झाला तेव्हा पाणी आत आलं आणि काकूनं सगळ्या गल्लीला ते सांगितलं.

काकू गेली त्याला आता लई वर्षं झाली. माझंही काम सुटलं. डोळ्याला नीट दिसत नाही, नव्या गाड्या मला कळत नाहीत. गॅरेज उघडं असतं, कोणी सायकल-स्कूटर आणली तर करतो. पोर नांदेडला असते. तिनं रंगाचा डबा पाठवला, फरशीला लावायचा, करडा. मला पटलं नाही. मी म्हणालो, "हे डाग झाकायचे?"

"मग काय जपून ठेवायचे?" पोरीची आई म्हणाली. "बाया आल्या, बसल्या, निम्म्या मेल्याबी. डागात काय हाय? पाट सरकून राहिला न्हाई माझा, खडबडीत झाली हाय."

ती तशीच होती. जुनं धरून बसायचं काम माझं. तिला पाट सरकायला पाहिजे होता.

तर असा रंग अर्धा लावून आणि चहा पिऊन आम्ही वर गेलो. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर आला, मनगट धरलं, झोपेतच गेल्या म्हणाला. वरच्या खोलीत चार माणसं उभी राहायला जागा नाही आणि जिना अरुंद. तिला खाली आणायचं ठरलं. पण खाली डावीकडं रंग ओला आणि उजवीकडं सगळं सामान. मी काही सांगायच्या आत गल्लीतल्या माणसांनी रॅक उचलला. बायकांनी डबे उचलले, कडेवर पोर घ्यावं तसे, आणि बाहेर गल्लीत भिंतीला लागून मांडले. उजवी बाजू मोकळी झाली. तिला तिथं ठेवलं. लोक येत गेले, आत येऊन बसत गेले. दारात कोणी थांबलं नाही. ज्यांना वंदना येत होती त्यांनी म्हटली, ज्यांना येत नव्हती ते हात जोडून बसले. काकूची सून तिच्या उशाशी बसली होती, लई वेळ.

नांदेडहून पोर आली. मग न्यायची वेळ झाली. गल्लीतला एक जण भाजीचा टेम्पो चालवतो. त्यानं गाडी धुऊन पुसून मागं दाराला लावली होती. तिला वर ठेवलं. त्यानं चावी फिरवली. नुसतं टक् झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. सगळी गल्ली उभी होती आणि कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

"काका, दुसरी गाडी बोलवतो," टेम्पोवाला म्हणाला. तो रडकुंडीला आला होता. "सकाळी चालू होती हो. आईशप्पथ."

"उतर खाली," मी म्हणालो.

"काका, आज तुम्ही नका."

"उतर म्हणलो ना."

सीट उचलली. बॅटरीच्या टर्मिनलवर गंजाचं पांढरं फूल आलं होतं, पट्टी ढिली. पोर "बाबा, बाबा" करत होती, तिला हातानं थांब म्हटलं. पट्टी काढली. खांद्यावरच्या उपरण्यानं खालचं शिसं घासून घासून उजळ केलं. पट्टी परत बसवली, आवळली, हलवून बघितली. हलत नव्हती. त्याला म्हणालो, मार आता. पहिल्या झटक्यात लागली.

हात पुसले. मागं चढलो, तिच्या पायाशी बसलो आणि पुढं त्याला म्हणालो, "आता मधे बंद करू नको. हळू चल."